चौथा गडी
ऑनलाइन खेळांत नवख्याला शिकवण्याची रीत आणि चाकणची एक खोली

१

चाकणजवळ महाळुंगे इंगळे गावात भाड्याच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. एमआयडीसीत जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवर गावकऱ्यांनी त्या बांधल्या आणि कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांना भाड्याने दिल्या. अशाच एका खोलीत माझा पुतण्या आणखी तिघांबरोबर राहतो. सेकंड शिफ्ट सुटून कंपनीची बस गावात येते तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मेसचा डबा उघडायचा, जेवायचे, ताटे मोरीत सारायची आणि चार मोबाइल चार्जरला लावून ‘बीजीएमआय’, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, सुरू करायचा, हा त्यांचा शिरस्ता. गेली दोन वर्षे मी अधूनमधून तिथे मुक्कामाला जातो आणि भिंतीला टेकून त्यांचा खेळ पाहतो.

चौघांतला सर्वांत मोठा जळगावचा, सव्वीस वर्षांचा. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात. सर्वांत लहान हिंगोलीचा, एकोणीस वर्षांचा, नुकताच आलेला. हा हिंगोलीकर पहिला महिनाभर रोज सर्वांच्या आधी मरायचा. घर दिसले की धावत आत शिरायचा आणि दाराआड दबा धरून बसलेल्या कोणाच्या तरी गोळीला बळी पडायचा. भाऊ त्याच्यावर ओरडताना मी फार थोड्या वेळा ऐकला. त्याचे बोलणे बहुधा असे असे :

“आत शिरू नको अजून. पावलं ऐक. ऐकू येतात का?”

“डावीकडून येतायत.”

“मग थांब. त्याला येऊ दे.”

मी अडतीस वर्षे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काढली. आधी उमेदवार होतो, मग फिटर झालो, शेवटची काही वर्षे सुपरवायझर. पोरांना काम शिकवताना लोक कसे बोलतात, हे माझ्या कानांना ठाऊक आहे. भाऊचा तो सूर ऐकला आणि मला एकदम एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचा आमचा टूलरूम आठवला. त्या आठवणीने मी या विषयाच्या मागे लागलो. जगभरचे लोक पडद्यावरच्या खेळांत अनोळखी नवख्यांना खेळायला शिकवतात. त्याबद्दल त्यांना पगार नाही, बढती नाही. मग ते का शिकवतात? ही रीत कशी पडली? आणि ज्या पट्ट्याने महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना हातातले काम शिकवले, त्याच पट्ट्यात ती आज कारखान्याच्या आत कमी आणि खोलीत अधिक का दिसते?

२

हा पट्टा मुळात शिकाऊ माणसांवर उभा राहिला. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे पेनिसिलिन बनू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, १९६६ मध्ये टेल्कोने येथे पाय रोवले. भोवतालची गावे तोवर शेतीची होती. ज्वारी, बाजरी आणि गुरे सांभाळणाऱ्या घरांतून एकाएकी टर्नर, फिटर, मिलर कोठून येणार? ते घडवावे लागले. याच सुमारास, १९६१ मध्ये, केंद्र सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. ठरावीक कारखान्यांनी ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे आणि मुदत संपली की परीक्षा घ्यावी, असे त्यात होते. आयटीआयची दोन वर्षे आणि वर सलग एक वर्ष उमेदवारी, ही हजारो मराठी घरांची नोकरीकडे जाणारी पायवाट ठरली. मी १९७९ मध्ये त्याच वाटेने आलो.

पहिले सहा आठवडे मी कानस मारली. लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा आणि हातात कानस. पृष्ठभाग सपाट झाला का, हे गुण्याने तपासायचे, गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. आमचा मिस्त्री बोलायचा कमी. माझ्या मागे उभा राहून माझी कोपरे बघायचा आणि चुकले की खांद्यावर बोट ठेवायचा. पुढे त्याने मला स्वतःच्या मागे उभे केले. तो काम करायचा आणि मी बघायचो. आज विचार करता, माझे खरे शिक्षण त्या बघण्यात झाले.

तो मला का शिकवत होता, याचेही उत्तर सोपे होते. माझ्या हातून गेलेला भाग पुढे त्याच्याच जोडणीत येणार होता. मी घाण केली तर त्याची पाळी अडकणार होती. त्याचा चांगुलपणा मी नाकारत नाही, पण त्या चांगुलपणाला कामाचा आधार होता.

तालमीतली एक गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःजवळ राखून ठेवतो, आणि पठ्ठा उलटला की त्याच डावावर त्याला चीत करतो. आमच्या टूलरूममध्येही असा डाव होता. लेथच्या हत्याराला धार लावताना एक जुना कारागीर नेमका आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा. धारेचा कोन त्याने कोणाला दाखवला नाही. त्या कोनावर त्याचा ओव्हरटाइम आणि त्याचा मान अवलंबून होता. आम्ही त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पण त्याचे गणित चुकीचे होते, असे मला आज म्हणवत नाही. सगळे शिकवून बसलेल्या माणसाला कंपनीत ठेवण्याचे कारण काय उरते, ही भीती त्याच्या पाठीत होती.

तेव्हा शिकवण्याला दोन गोष्टी लागतात, असे मी या अनुभवावरून धरून चालतो. शिकणाऱ्याला जाणत्याचे काम डोळ्यांनी बघता आले पाहिजे. आणि शिकणारा तयार झाला तर जाणत्याचा फायदा व्हावा, निदान तोटा तरी होऊ नये. ऑनलाइन खेळांचा इतिहास या दोन कसांवर घासून पाहायचा आहे.

३

अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या पडद्यावरच्या खेळांची वंशावळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठापर्यंत जाते. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तिथे ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि १९८० च्या सुमारास तो रिचर्ड बार्टल याच्या हाती सोपवला. त्या खेळात एकही चित्र नव्हते. तुम्ही अमुक जागी उभे आहात, उत्तरेला वाट आहे, असा मजकूर पडद्यावर यायचा आणि काय करायचे ते खेळाडूने टंकून सांगायचे. विद्यापीठाचा संगणक रात्री मोकळा असे, तेव्हा बाहेरचे लोकही टेलिफोनच्या तारेवरून त्यात शिरत. म्हणजे या खेळाची पहिली पिढीसुद्धा रात्रपाळीचीच.

खेळात पुरेसे गुण जमले की खेळाडू ‘विझर्ड’ होई, मांत्रिक म्हणा. त्याला खेळाच्या जगात जवळपास हवे ते करण्याची सत्ता मिळे. नवख्याला वाट दाखवायची की त्याची गंमत करायची, हे त्याच्या मर्जीवर होते. आपण आता वस्ताद झालो, जिंकण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा आखाड्याच्या कडेला बसून पोरांना दोन डाव सांगावेत, अशी ती अवस्था. १९९६ मध्ये बार्टलने एक निबंध लिहून खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : गुण मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. हा निबंध खेळांच्या अभ्यासात आजही वाचला जातो. चारांपैकी मधले दोघे नवख्याच्या उपयोगी पडतात, असे मला दिसते. धुंडाळणाऱ्याला आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी सांगायला कोणीतरी हवा असतो, आणि माणसांत रमणाऱ्याला नवा माणूस हवाच असतो. पहिल्या प्रकारच्या खेळाडूला मात्र नवखा म्हणजे खोळंबा, आणि चौथ्याला तो आयती शिकार. नवख्याच्या वाट्याला यांतला कोण येईल, हे त्या काळी नशिबावर होते.

४

खेळ मोठे झाले, दरमहा वर्गणी घेऊ लागले, तेव्हा नशिबावर सोडणे कंपन्यांना परवडेना. गोंधळलेला नवखा पहिल्या महिन्यातच वर्गणी बंद करतो. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. त्यात नवख्यांच्या शंका सोडवायला अनुभवी खेळाडूंतून स्वयंसेवक नेमले गेले. त्यांना समुपदेशक म्हणत, खेळात त्यांच्या पात्रांच्या अंगावर निळा झगा असे. वेळ ठरलेली, नियम ठरलेले, वर देखरेख करणारेही ठरलेले. पगार तेवढा नव्हता.

२००० मध्ये यांच्यातले काही माजी स्वयंसेवक न्यायालयात गेले. आम्ही केले ते काम होते, तेव्हा किमान वेतन द्या, असा त्यांचा दावा होता. त्याच्या आदल्या वर्षी ‘अमेरिका ऑनलाइन’ या इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनीही असाच दावा लावला होता. गप्पांच्या दालनांवर देखरेख करणारे आणि नव्या सभासदांना मदत करणारे ते हजारो लोक होते. तो खटला दशकभर चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

हे वाचताना मला आमच्या कायद्यातले अठरावे कलम आठवले. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत, असे १९६१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी तेवढ्या त्याच्यापर्यंत पोचतात. अमेरिकेत प्रश्न शिकवणाऱ्याचा होता, आपल्याकडे शिकणाऱ्याचा. पण खाच एकच आहे. शिकणे-शिकवणे या शब्दांना प्रतिष्ठा आहे, आणि त्या प्रतिष्ठेच्या आड फुकटचे किंवा स्वस्तातले काम सहज लपते.

५

यानंतर खेळ रचणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. माणसे नेमण्यापेक्षा खेळाची रचनाच अशी करावी की जाणता आपणहून नवख्याला बरोबर घेईल. २००४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी आलेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये वरच्या पातळीचा खेळाडू खालच्याला आपला जोडीदार करून घेऊ शके. जोडीदाराची ताकद तेवढ्यापुरती वाढे आणि दोघे एकाच मोहिमेवर जात. त्याच वर्षीच्या ‘एव्हरक्वेस्ट २’ने उलटे केले. तिथे जाणता स्वतःची पातळी खाली आणून नवख्याबरोबर खेळे. पहिल्यात पोराला खांद्यावर घेतले जाते, दुसऱ्यात बाप गुडघे टेकून पोराच्या उंचीचा होतो. आमच्या मिस्त्रीला हे दोन्ही कळत होते. कठीण जॉबवर तो मला हाताशी घेई, आणि सोप्या जॉबवर स्वतः माझ्या बाकावर येऊन कानस धरे.

तिसरा प्रयोगही २००४ चाच, आणि तो खेळाडूंनी स्वतः केला. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडमधल्या कंपनीने २००३ मध्ये काढलेला अंतराळातला खेळ. त्यात फुटलेले जहाज परत मिळत नाही, महिन्यांची कमाई एका चकमकीत जाते. असा खेळ नवख्याला पहिल्याच आठवड्यात नकोसा होतो. काही खेळाडूंनी एकत्र येऊन त्यात ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ नावाची संघटना काढली. ती नवख्यांना आत घेते, त्यांच्यासाठी वर्ग भरवते, स्वस्त जहाजांतून त्यांना मोहिमेवर नेते आणि ती जहाजे फुटली तरी हळहळू नका म्हणून सांगते. वीस वर्षे उलटून गेली तरी ती चालू आहे. माझ्या मते तिच्या टिकण्याचे मर्म स्वस्त जहाजांत आहे. आम्हाला पहिल्या दिवशी कोणी महागाचा जॉब दिला नाही, भंगारातला ठोकळा दिला. चूक करायला स्वस्त जागा मिळाली नाही तर माणूस हात आखडून बसतो.

चौथा प्रयोग बिल्ल्याचा. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळात २०१६ पासून अनुभवी खेळाडूला ‘मेंटर’ होता येते. ठरावीक मोहिमा पुऱ्या केल्या आणि सोबतच्या खेळाडूंची पुरेशी शाबासकी मिळवली की नावाशेजारी मुकुट उमटतो. नवख्याच्या नावाशेजारी कोवळा कोंब असतो. दोघांना बोलायला वेगळे दालनही आहे. कल्पना गोड आहे. पण मेंटरने अनोळखी लोकांबरोबर अशा दोन हजार मोहिमा पुऱ्या केल्या तर त्याला एक दुर्मीळ वाहन मिळते. मग वाहनासाठी मुकुट घालणारे निघाले. ते मोहिमेत यायचे, भरभर उरकायचे, कोंबवाल्याशी एक शब्दही बोलायचे नाहीत. मन लावून शिकवणारे मेंटर तिथे आहेतच, तरी खेळाडू त्या मुकुटाला बर्गर किंगच्या हॉटेलात पोरांना मिळणारा कागदी मुकुट म्हणू लागले. आमच्याकडे ‘प्रशिक्षक’ असे लिहिलेली निळी टोपी आली होती, तेव्हा हेच झाले होते. टोपी मिळवायला लोक धडपडले, आणि टोपी मिळाल्यावर मशीनजवळ दिसेनासे झाले.

६

आता चाकणकडे वळू. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले, आगेमागे आणखी मोठ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी ही गावे खोल्यांनी भरली. काम बदलले होते. टूलरूममध्ये एक माणूस एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत करी. जोडणीच्या लाइनवर एका माणसाच्या वाट्याला एक स्टेशन, दोन-तीन क्रिया आणि मोजून काही सेकंद. त्यासाठी तीन वर्षे शिकायची गरज उरली नाही. ‘ट्रेनी’ हा शब्द मात्र राहिला, उलट वाढला. २०१३ मध्ये ‘नीम’ योजना आली आणि मध्यस्थ संस्थांमार्फत ट्रेनी लाइनवर येऊ लागले. शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, २०१६ च्या योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलू लागले.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. माणूस पुस्तकी धड्यांपेक्षा जाणत्यांच्या वर्तुळात कडेकडेने शिरत शिकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण आहे. तिथला उमेदवार आधी बटणे लावतो, कडा दुमडतो, मग शिवतो, आणि कापड कापणे सर्वांत शेवटी. शेवटून सुरुवात केल्यामुळे अख्खा कपडा कसा होतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत राहते. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत मांस कापणाऱ्या उमेदवारांचे आहे. त्यांना पुड्या बांधायच्या यंत्रावर उभे केले जाई, कारण तिथे ते लगेच उपयोगी पडत. यंत्र अशा जागी होते की तिथून जाणते कारागीर मांस कापताना दिसतच नसत. वर्षे जात, उमेदवार पुड्याच बांधी.

हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण त्यात मी दिसत होतो. सुपरवायझर असताना मी ट्रेनी पोरांना एका स्टेशनवर उभे केले आणि ती तिथे तरबेज झाली म्हणून तिथेच ठेवले. शिफ्टचा आकडा पुरा व्हायचा होता. एकाने मला विचारले होते, “साहेब, सेटिंग कसं करतात ते एकदा बघू का?” मी म्हणालो, “बघू पुढच्या महिन्यात.” पुढच्या महिन्यात त्याची मुदत संपली. धारेचा कोन लपवणाऱ्या त्या कारागिराला निदान लपवण्यासाठी पाठ फिरवावी लागत होती. मला तीही तसदी पडली नाही. लाइनची मांडणीच तशी होती.

७

याच पोरांच्या हाती मोबाइल आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, खेळण्याची जागा आक्रसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करूनही खेळता येते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये तो भारतापुरता ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. कंत्राटी नोकरीसारखाच त्याचा प्रवास, मध्ये ब्रेक घेत घेत.

या खेळात मुकुट नाही आणि निळा झगाही नाही. तरी खोल्याखोल्यांत शिकवणे चालते. खोलीत बसून मी जे पाहिले त्यावरून याची कारणे मला अशी दिसतात.

टोळी चौघांची आहे. चौथा कच्चा असेल तर तिघांचाच जीव धोक्यात येतो. घायाळ साथीदाराला उठवायला कोणीतरी त्याच्यापर्यंत सरपटत जावे लागते आणि त्या वेळी तो स्वतः उघड्यावर असतो. भाऊला हिंगोलीकर तयार व्हायला हवाच आहे. शिवाय तयार झालेला चौथा गडी भाऊची जागा घेत नाही, टोळीचे बळ वाढवतो. त्यामुळे डाव राखून ठेवण्यात त्याला काही लाभ नाही.

नवख्याची कामे कडेकडेने आत सरकतात. पहिले काही दिवस हिंगोलीकराचे काम मलमपट्टी आणि गोळ्या जास्तीच्या बाळगायचे आणि मागेल त्याला द्यायचे. मग शत्रू दिसला की दिशा सांगायची. मग गाडी चालवायची. तिसऱ्या महिन्यात एका रात्री भाऊ म्हणाला, “आज कॉल तू दे.” त्या रात्री ते लवकर मेले. दुसऱ्या रात्री भाऊने पुन्हा त्यालाच सांगितले. हरण्याची किंमत एक डाव, म्हणजे अर्धा तास. भंगारातला ठोकळाच तो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तुम्ही मेलात आणि साथीदार जिवंत असेल तर तुमच्या पडद्यावर त्याचा खेळ दिसू लागतो. तो कुठे बघतो, कधी थांबतो, कोणत्या आवाजाला मान वळवतो, सगळे. हिंगोलीकर रोज पहिला मरायचा, म्हणजे रोज वीस-वीस मिनिटे भाऊच्या डोळ्यांनी बघायचा. मिस्त्रीच्या मागे उभे राहण्याची जागा खेळाने प्रत्येक मेलेल्याला देऊन टाकली आहे. इथे पाठ फिरवून उभे राहता येत नाही.

याचे गोडवेच गावेत असे नाही. अनोळखी टोळीत नवख्याला आईबहिणीवरून शिव्या पडतात. ओळखीतल्या एका कामगार मुलीने सांगितले की ती माइक कधीच सुरू करत नाही, आवाज ऐकला की लोक खेळ सोडून तिच्यामागे लागतात. तिला शिकवणारा कोणी मिळाला नाही, दुसऱ्यांचे खेळ बघून ती एकटीच शिकली. रात्रीची झोप तीनपर्यंत लांबते आणि प्रेसवर उभ्या राहणाऱ्याला झोप कमी पडणे म्हणजे काय, हे मला सांगायला नको. पोशाखांवर आणि बंदुकांच्या रंगांवर पगारातले पैसे जातात. आणि बेटावरचे नेमबाजीचे कसब घेऊन कोणी नोकरीला लागत नाही. माझ्या मिस्त्रीने दिलेल्या कानसेवर मी घर बांधले, भाऊ जे देतो त्यावर हिंगोलीकर बांधू शकणार नाही.

भाऊ स्वतः कंपनीत काय करतो, हे मी एकदा विचारले. एका स्टेशनवर तो टॉर्क गनने चार बोल्ट आवळतो. त्याच्या जागी नवा माणूस आला तर त्याला शिकवायला किती वेळ लागेल? “अर्धी शिफ्ट,” तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, “पण शिकवणार नाही. तो शिकला की मला ब्रेक देतात.” हे तो कोणत्याही कडवटपणाशिवाय बोलला. कंपनीत डाव राखणारा आणि खोलीत सगळे उघडे करणारा माणूस एकच होता. त्याचा स्वभाव दोन्हीकडे तोच, शिकवण्याचा हिशेब तेवढा दोन ठिकाणी वेगळा पडत होता.

८

गेल्या पावसाळ्यात हिंगोलीकराची मुदत संपली आणि तो गावी गेला. लाइनवर त्याची जागा दुसऱ्या दिवशीच भरली. खोलीतली कॉटही भरली, तिथे आता बीडचा एक मुलगा आहे. टोळीतली जागा मात्र रिकामी झाली नाही. रात्री एक वाजता हिंगोलीहून तो अजूनही येतो, तिकडे रेंज गेली की शिव्या घालतो, परत येतो. बीडच्या मुलाला खेळायचे असते तेव्हा दुसरी टोळी करावी लागते. तिचा चौथा गडी तो असतो आणि कॉल हिंगोलीकर देतो.

मागच्या महिन्यात त्या दुसऱ्या टोळीत एक जण कमी होता. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच या.” त्याने मला त्याचा मोबाइल दिला, हेडफोन कानात घातले. मी उतरलो, एक घर दिसले, धावत आत शिरलो आणि संपलो. पुरती दोन मिनिटेही झाली नव्हती. मी मोबाइल परत द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात हेडफोनमधून हिंगोलीहून आवाज आला.

“काका, ठेवू नका खाली. आता माझा खेळ दिसेल तुम्हाला. बघत बसा, मी सांगतो.”

मी बघत बसलो. पावलांचा आवाज मला ऐकू आला नाही. त्याला आला.